रेनोच्या दाढीची पैज

सॉनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, उघडेबंब बसलो होतो तिघं. मी, शेजारचा रेनो आणि समोरच्या घरातला क्लाइड. रेनोची दाढी घामानं पोटाला चिकटलेली. त्याचा पोरगा काइल कॉलेजच्या बर्फावरच्या हॉकीत पहिल्यांदा गोलकीपर म्हणून उभा राहिला, त्या दिवसापासून रेनोनं तिला कात्री लावली नव्हती. लावली तर पोराचं नशीब जाईल म्हणे.

"नव्या रिंकवरची पहिली मॅच कॉलेज जिंकणार," रेनो म्हणाला. "आरशासारखा बर्फ, गादीच्या खुर्च्या. आणि काइलला बघायला मोठ्या क्लबचा माणूस येतोय. पसंत पडला तर पोराचं झालंच कल्याण."

"हरणार," मी म्हटलं.

"लाव पैज."

"मी हरलो तर बर्फात नागडा लोळेन."

"ते तू दर शनिवारी लोळतोसच, व्हर्न," क्लाइड म्हणाला.

"बरं, हिवाळाभर याच्या छपरावरचा बर्फ मी काढीन. पण रेनो, तू हरलास तर दाढी. रिंकच्या मधोमध, सगळ्यांदेखत."

रेनोनं तापल्या दगडांवर डबाभर पाणी ओतलं आणि हात पुढे केला.

मी उगाच नव्हतो बोललो. कॉलेज आजवर ज्या जुन्या शेडमध्ये खेळायचं, तिथल्या बर्फाभोवतीच्या कोपऱ्यातल्या फळ्या कुजलेल्या. खेळायची रबरी चकती तिथं आदळली की मेल्या उंदरासारखी पडून राहायची. काइल गोल सोडून निवांत मागे जायचा, उचलायचा. निम्मे सामने कॉलेजनं त्या कुजक्या फळ्यांवर जिंकले. नव्या रिंकवर काच बसवायची राहिली होती, म्हणून पोरं सराव अजून शेडमध्येच करत होती. आम्ही म्हातारे मात्र रविवारी नव्या बर्फावर उतरलो. मी कोपऱ्यात एक चकती हाणली. ती गोळीसारखी परत आली, क्लाइडच्या नडगीवर.

"काइलला सांगायला पाहिजे," क्लाइड नडगी चोळत म्हणाला.

"सांग की. मग रेनोचं छप्पर तू साफ कर."

नाही सांगितलं त्यानं.

मॅचमध्ये पाहुण्यांनी चकती कोपऱ्यात टाकली. काइल सवयीनं मागे गेला. चकती फळीवरून उसळली ती थेट मोकळ्या गोलसमोर. एक गोल. थोड्या वेळानं परत तेच. डोक्याला कळलं होतं, पायांना कुठं कळलेलं. तिसऱ्यांदा तो निम्म्या वाटेत थबकला आणि धड इकडचा ना तिकडचा झाला. कोचनं त्याला बाकावर बसवलं. क्लबच्या माणसानं कोटाची चेन वर ओढली आणि निघाला. शेडमध्ये लोकांनी पाय आपटून छप्पर उडवलं असतं. इथं सगळे गादीवर बसून मक्याच्या लाह्या खात होते.

कॉलेज हरलं. मॅच संपल्यावर मी मधोमध खुर्ची ठेवली. रेनो येऊन बसला. वस्तरा मी काइलच्या हातात दिला.

"पोराला नको, व्हर्न," रेनो हळूच म्हणाला.

"कापणार कोण, हे कुठं ठरलं होतं?"

काइलचे डोळे लाल. "बाबा, मान वर करा."

"तुला कुठं लागलं नाही ना रे?"

"बोलू नका. कापेल."

पहिला झुबका पडला आणि लोक उठले. पाय आपटायला लागले. नवं रिंक पहिल्यांदा शेडसारखं दणाणलं. दाढीखालून निघाली एवढीशी हनुवटी, अगदी काइलसारखी, थरथरणारी. मी पोट धरून हसलो.

बर्फ साफ करायचं यंत्र दारात थांबलं होतं. मी चालवणाऱ्याला हात केला, ये, ही दाढी झाडून ने म्हणून.