ग्रां-सूसचा शंख

सकाळी शाळेच्या ओट्यावर मतपेटी मांडून सेलिमेन बाई बसल्या, तोच गावगुंड क्लोव्हिस आपल्या टोळीतली पोरं घेऊन हजर झाला. प्रत्येकाच्या हातात मेलेल्या माणसांची मतदार कार्डं.

"मेलेल्यांनाच पाठवा की," बाई म्हणाल्या. "रांगेत उभे राहिले तर मी नाही म्हणणार नाही."

रांग खदाखदा हसली. क्लोव्हिस हसला नाही. "ही पेटी गावाबाहेर जायची नाही, मास्तरीणबाई," एवढंच बोलून तो निघून गेला.

मागच्या तिन्ही निवडणुकांत पेटी वाटेतच जळाली होती. या खेपेला ती शहरात पोचवायचीच, मग काय वाटेल ते होवो, असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. शांतता राखायला आलेले निळ्या शिरस्त्राणांचे परदेशी शिपाई खाली नदीपाशी बसून होते. त्यांचा कॅप्टन म्हणाला होता, "गोळी झडल्याशिवाय आम्हाला हलता येत नाही."

"म्हणजे आधी आम्ही मरायचं, मग तुम्ही यायचं? वा रे राखणदार!"

बिचाऱ्याने हुकमाचा कागद पुढे केला. कागदाशी कोण भांडणार? बाईंनी धाकट्या भावाला, ओरेस्तला, टेकडीवर पहाऱ्याला बसवलं. गावचा शंख तोच फुंकायचा. शंख वाजला की हातातलं काम टाकून, कोयता घेऊन धावायचं, मग कुणाचं शेत कापायचं असो की कुणाचं घर जळत असो. ग्रां-सूसमध्ये हे पोटातल्या पोरालाही ठाऊक. म्हणूनच ते कॅप्टनला सांगायला हवं, हे कुणाच्या ध्यानीमनीही आलं नाही.

"आणि माझं मत, ताई?"

"शेवटचं तुझं. तुझी मतपत्रिका माझ्या खिशात आहे, जा."

चारच्या सुमारास क्लोव्हिस आला, सोबत पाच बंदुका आणि पेट्रोलचा डबा. शाळेच्या दारातल्या म्हाताऱ्या पहारेकऱ्याच्या गुडघ्यात त्याने गोळी घातली. बाई पेटीवर आडव्या पडल्या. बंदुकीच्या दस्त्याने त्यांचे दोन दात पडले, तरी त्या हलल्या नाहीत. तेवढ्यात शंख वाजला. चहूबाजूंनी साठ माणसं कोयते घेऊन शाळेकडे धावली. क्लोव्हिसची पाचावर धारण बसली. पोरांना घेऊन तो मागच्या वाटेने पसार झाला.

आणि गोळीचा आवाज ऐकून शिपाई नेमके तेव्हाच वर पोचले. त्यांना दिसली रक्तबंबाळ बाई आणि तिच्यावर धावून येणारे कोयते. त्यांनी गोळ्या झाडल्या. नऊ माणसं पडली. सगळ्यांत पुढे ओरेस्त होता. गोळी त्याच्या गळ्यातून आरपार गेली. शंख मात्र धड राहिला.

"पेटी सुरक्षित आहे," कॅप्टन म्हणाला.

बाईंनी तोंडातलं रक्त थुंकलं. ओरेस्तपाशी बसून खिशातून त्याची मतपत्रिका काढली. ओरेस्त कुणाला मत देणार होता, ते त्यांना माहीत होतं. त्याचा अंगठा अजून गरम होता, शाईची बाटली उघडी होती, आणि कुणाचंच तिकडे लक्ष नव्हतं. त्यांनी तो अंगठा हातात घेतला आणि पुन्हा खाली ठेवला. मग त्यांनी मतपत्रिकेवर आडवी रेघ मारली आणि यादीत ओरेस्तच्या नावापुढे लिहिलं, 'मृत. मत दिलं नाही.' पेटीला लाख लावली.

कॅप्टनने एक छापील कागद पुढे धरला. मतदान शांततेत पार पडलं, असं त्यावर लिहिलं होतं आणि खाली बाईंची सही हवी होती.

"ठेव तो खिशात," बाई म्हणाल्या. "पेटी मी उचलते. तू माझ्या भावाला उचल."