फाट्यावरचा दिवा लागला का?

मी एक जुनी पितळी घंटी आहे, आणि मला गप्प बसवत नाही. मित्रांनो, यात माझा दोष नाही. माझी घडणच तशी आहे. वर पालथ्या वाटीसारखं पितळ, खाली छोटी हातोडी आणि पोटात स्प्रिंग. माथ्यावरच्या बटणावर चटकन टपली मारली, की हातोडी पितळावर आपटते आणि लगेच मागे येते. हे मागे येणं महत्त्वाचं. ती चिकटून राहिली तर पितळ थरथरणार कसं? म्हणून बटण भीत भीत, हळूच दाबणाऱ्याला माझ्याकडून आवाज मिळत नाही.

माझं पितळ मुरादाबादला ओतलं गेलं. बीडच्या बाजारातून मी केजच्या एका महाविद्यालयात आले आणि बरीच वर्षं मोठ्या साहेबांच्या टेबलावर चहा मागवत राहिले. तिथं विजेचं बटण बसलं आणि मी अडगळीत गेले. राज्यशास्त्र शिकवणाऱ्या नवनाथ सरांनी मला तिथून उचललं. "अध्यक्षाला घंटी पाहिजे," ते म्हणाले.

सर दरवर्षी बी.ए.च्या मुलांची अभिरूप विधानसभा भरवत. बाकं दोन्हीकडे सरकवायची. इकडे सत्ताधारी, तिकडे विरोधक. एरवी एकमेकांना 'का बे' म्हणणारी पोरं त्या दिवशी 'सन्माननीय सदस्य' होत. सरांचा नियम साधा होता. अध्यक्षांनी ज्याचं नाव घेतलं, त्यानंच बोलायचं. दोन मिनिटं झाली की घंटी. माझा आवाज झाला की बोलणारा अर्ध्या वाक्यात थांबायचा. "घंटीचा धाक लई हाय," असं मुलं म्हणत, तेव्हा मी सुखावून जाई.

गेल्या वर्षी चैताली अध्यक्ष झाली. ती मांजरसुंब्याच्या रस्त्यावरच्या एका गावातून जीपनं येई. तिची आई जाईबाई गावची सरपंच. महिलांसाठी राखीव जागेवर निवडून आलेली. पण गावात सरपंचाचं घर विचारलं, तर लोक तिच्या वडिलांचं, सर्जेराव अण्णांचं नाव सांगत. खुर्चीवर ते बसत, सभेत ते बोलत. जाईबाई दाखवतील तिथं सही करत.

हे सगळ्या वर्गाला माहीत होतं. सरावाच्या दिवशी विरोधी पक्षनेता झालेला अमरसिंह उठला आणि म्हणाला, "अध्यक्षबाई, घंटी तुमी वाजवणार का अण्णांना बोलवायचं?"

वर्ग हसला. त्याला गप्प करायला चैतालीनं माझं बटण दाबलं. हळूच दाबलं. आवाजच आला नाही.

"बघा बे, घंटीबी अण्णांचीच वाट बघती!" अमरसिंह ओरडला.

तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. हिला टपली मारायला कोण शिकवणार? त्यात सरांनी पाहुण्या म्हणून जाईबाईंनाच बोलावलेलं.

तो दिवस आला. चर्चेचा विषय होता मुलींचा प्रवास. चैताली माइकवर म्हणाली, "सरपंच जाईबाई यांनी सभागृहाला संबोधित करावं."

आणि त्यांच्या शेजारी बसलेले सर्जेराव उठले. टोपी सारखी करून त्यांनी माइक हातात घेतला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरांनीही वाजवल्या! काही चुकतंय असं कुणाला वाटलंच नाही. नेहमी असंच तर होतं.

चैतालीचा तळवा माझ्यावर आला. हळू दाबू नकोस, मी मनात ओरडत होते, हळू दाबू नकोस!

ट्रिंग!

"सन्माननीय पाहुण्यांनी खाली बसावं."

"अगं चैते, मीच बोलतो की. तिला कुठं जमतंय? लई घाबरती ती."

ट्रिंग! "नाव आईचं घेतलंय, अण्णा."

कुणीतरी हसलं आणि मध्येच थांबलं. सर्जेरावांनी सरांकडे पाहिलं. सर भिंतीकडे पाहत होते. मग सर्जेराव बसले.

जाईबाई उठल्या. पदर सारखा केला, माइक धरला, आणि गप्प उभ्या राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा मात्र थांबत नव्हता. वेळ सरत आली तेव्हा त्या बोलल्या, "आमच्या फाट्यावर दिवा न्हाई. पोरी जीपमधून अंधारात उतरत्यात. मी म्हणलं हुतं, फाट्यावर दिवा लावा..."

दोन मिनिटं संपली. वडिलांसाठी वाजवलेली घंटी आईसाठी कशी टाळणार? चैतालीचा तळवा पुन्हा वर आला. आयुष्यात पहिल्यांदा मला वाजायचं नव्हतं.

तेवढ्यात अमरसिंह उठला. "अध्यक्ष महोदया, विरोधी पक्ष आपली दोन मिनिटं सरपंचांना देतो."

तळवा हवेतच राहिला. "परवानगी आहे," चैताली म्हणाली.

"दिवा लागला," जाईबाई आता नवऱ्याकडे बघून बोलत होत्या, "पण कुठं? आमच्या दारात! ढोरं उजेडात रवंथ करत्यात आन् पोरी अंधारात चालत्यात."

दोन्हीकडची बाकं धडाधडा वाजली.

सभा संपल्यावर सर्जेराव माझ्या टेबलाशी थांबले. "हे घरी सांगायचं हुतंस," ते म्हणाले.

"घरी सांगितलंच की," जाईबाई म्हणाल्या. "घरी घंटी न्हाई."

मित्रांनो, यंदा विधानसभा भरलीच नाही. निम्मा वर्ग स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी बीडला असतो, तासाला बाकं रिकामी. चैताली पास होऊन गेली. मी कपाटात आहे, आणि मला चैन नाही. फाट्यावर दिवा लागला का? घरी जाईबाईंना कुणी बोलू देतं का? इथून काहीच कळत नाही. माझं पितळ काळवंडलंय. ते चिंचेनं घासलं की उजळेल. पण स्प्रिंग लोखंडी आहे. ती हलली नाही तर गंजून जाम होईल.

मी गावाचं नाव सांगत नाही. असे फाटे पुष्कळ आहेत. तुम्ही संध्याकाळी एसटीनं जाल, तेव्हा खिडकीतून बघा. उजेड दिसला तर मला येऊन सांगा. अंधार दिसला तरीही या, कपाट उघडा, मला टेबलावर ठेवा. आणि बटण हळूच दाबू नका.