बावीस वर्षांचा आकडा, छप्पन्न वर्षांची छाती

आज सकाळी माझं बक्कल चांगलं पाच बोटं सैल करावं लागलं, तेव्हाच मला खटकलं. ही छाती माझ्या मालकिणीची नव्हे! मी हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बोलतोय. आतून पाण्याचा हात फिरवल्याशिवाय मला धड ऐकू येत नाही, असं माझ्या खोक्यावर ठळक छापलंय. पण खोकं वाचेल तो माणूस कसला? घामाने भिजेपर्यंत मी बहिराच होतो.

कारखान्यात मला एका यंत्राच्या खोट्या ठोक्यांवर तपासलं होतं. खोटे असले तरी बिचारे बढाया मारत नव्हते. बढाईखोर छात्या पुढे भेटल्या.

मालकीण मात्र तशी नाही. कॉलेजात शिकते आणि दाराची घंटा वाजली तरी दचकते. घरचे तिला हसतात. पण आपले ठोके जास्तीत जास्त किती जातात, हे तिने रीतसर शोधलं. दोनशेवीसमधून वय वजा करा, असं सांगणारे गल्लोगल्ली आहेत. वजाबाकी आली की झाला माणूस तज्ज्ञ! त्या हिशेबाने तिचे एकशे अठ्ठ्याण्णव. तिला पटेना. मैत्रिणीला सोबत घेऊन, आधी वीस मिनिटं हलकं पळून, ती चढावर तीनदा जीव तोडून धावली. तिसऱ्या खेपेला मी दोनशे सहा सांगितले, तर किंचाळलीच! तरी तो तिचा स्वतःचा आकडा होता. तो तिने फोनमध्ये भरला.

सुट्टी संपल्यावर ती मला खुंटीवर विसरून परगावी गेली. जुना फोन वडिलांना दिला. त्यात तिचं खातं, तिचं वय आणि तिचा आकडा तसाच राहिला.

वडील छप्पन्न वर्षांचे. रोज सकाळी रक्तदाबाची गोळी घेतात, ठोक्यांना लगाम घालणारी. काल मेहुणा म्हणाला, "भावोजी, तुमचं फिरणं म्हणजे बसल्या बसल्या फिरणं. मी एकशे साठ ठोक्यांपर्यंत पळतो." झालं! दुखणं चालेल, पण मेहुण्यापुढे हार? छे!

म्हणून आत्ता आम्ही मैदानाच्या पायऱ्यांवर आहोत. फोन दंडाला बांधलाय. त्यातली बाई बजावतेय, "वेग कमी आहे. आणखी जोर लावा." लेकीच्या दोनशे सहाच्या हिशेबाने तिला एकशे पंच्याहत्तर ठोके हवेत. मी एकशे अठ्ठावीस मोजतोय. गोळी घेतलेलं हृदय यापुढे कसं चढणार? पण माझ्याकडून आकडा तेवढा जातो, अक्कल जात नाही.

"पट्टा बिघडलाय," वडील धापा टाकत म्हणाले.

"पट्टा नव्हे, इंजिन!" मेहुणा खाली सावलीत केळं खात होता. "राहू द्या भावोजी. ताईला मी काही सांगणार नाही."

"तू केळं संपव."

फोन वाजला. लेकीचा. तिच्या नव्या फोनवर निरोप गेला असणार, 'तुमचा सराव सुरू झाला.' ही अंथरुणात आणि हिच्या नावाने धावतंय कोण? वडिलांनी फोन कापला. "हिला पाल दिसली असेल."

पुन्हा वाजला. पुन्हा कापला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदाही.

मग एक ठोका चुकला. पाठोपाठ दोन एकदम आले. वडिलांनी कठडा धरला.

"काय झालं?" मेहुण्याने विचारलं.

"काही नाही. बूट चावतोय."

बूट! हात छातीवर, आणि म्हणे बूट चावतोय!

अहो, मला हात नाहीत, नाहीतर तुमच्यापुढे जोडले असते. जोर जरूर लावा, पण आधी डॉक्टरांना विचारा. दुसऱ्याचा आकडा अंगावर चढवू नका. आणि छातीत दडपलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, तर तिथेच थांबा. त्या वेळी माझ्याकडे बघूसुद्धा नका.

मेहुणा केळं टाकून पायऱ्या चढत धावत येतोय. वडील मटकन खाली बसलेत. फोन पाचव्यांदा वाजतोय. या वेळी त्यांनी तो उचलला.

"बाबा! आधी खाली बसा! गोळी घेतलीय ना तुम्ही?"

नेहमीचं 'अगं, काही नाही' त्यांच्या घशापर्यंत आलं. मला इथे कळलं. त्यांनी ते गिळलं.

"छाती दडपतेय गं," ते म्हणाले. "काय करू, सांग."