अकराचा पाला

साधनाच्या शेडची किल्ली आकांक्षानं ओढणीच्या टोकाला बांधली आणि ती बाजेवर मांडी घालून खुशाल बसली. अकरा वाजून गेले होते. पलीकडच्या शेडात साधनाच्या रेशमाच्या अळ्या तुतीच्या पाल्याची वाट बघत असणार, हे तिला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक होतं म्हणून तर ती बसली होती!

"गेली न्हाई का गं अजून?" तिची आई उषाबाई घरातून ओरडली.

"जाते की! पळून चालल्यात का अळ्या?"

साधना तिची चुलत बहीण, वर्षानं मोठी. तिच्या वडिलांच्या, धर्मराजकाकाच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं, म्हणून ती पहाटेच त्याला घेऊन जालन्याला गेली होती. वडीगोद्रीजवळच्या त्या वस्तीवर कुणी आपल्या शेडात दुसऱ्याला पाऊल टाकू देत नसे. रोग आत येतो, दृष्ट लागते, काय न् काय. तरी जाताना साधनानं किल्ली हिच्याच हातात दिली होती.

"तुझ्याबिगर कुणाला देऊ? अकराला पाला टाक बराबर. संध्याकाळी मी येतेच."

दोघींनी प्रशिक्षण एकत्र घेतलं, तुती एकाच आठवड्यात लावली. पण कौतुक कुणाचं? साधनाचं! पाहुणा आला की साधनाचं शेड दाखवायचं, पोरीसोरींना दटावायचं तर साधनाचं नाव घ्यायचं. ऐकून ऐकून आकांक्षाचे कान किटले होते. आणि आता रेशीम कार्यालयातल्या मॅडम उद्या येणार होत्या. गावातल्या नव्या बायकांना शिकवायला दोघींतली एक निवडायची होती. ते काम आकांक्षाला हवं होतं. इतकं हवं होतं, की गेले चार दिवस तिला घास गोड लागत नव्हता.

दीड वाजता ती उठली. शेडाच्या दारात सवयीनं हातपाय धुऊन आत शिरली. उपाशी अळ्या रॅकच्या कडेपर्यंत सरकल्या होत्या आणि डोकी वर करून नुसतीच हलवत होत्या. 

"आले गं बायांनो, आले," ती पुटपुटली आणि तिनं भराभर तुतीच्या फांद्या अंथरल्या. शेवटच्या रॅकपर्यंत पाला पोहोचला तेव्हा कुठं ती थांबली.

खुंटीला साधनाची वही टांगलेली होती. रोजचा पाला किती वाजता दिला ते प्रत्येकीनं लिहायचं असा नियमच होता, आणि मॅडम आल्या की आधी वहीच मागत. आकांक्षानं ती उघडली.

'मंगळवार. सकाळचा पाला पाऊण तास उशिरा. मोबाईल बघत बसले.' 'गुरुवार. पाला ओला होता तरी टाकला. आळस केला. चौदा अळ्या मेल्या.' मागच्या पानावरही तसंच, त्याच्याही मागं तसंच.

"सापडली गं बया!" आकांक्षाच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. हिलाच म्हणे लोक गुणाची म्हणतात! उद्या मॅडमनी एवढं वाचलं की झालंच हिचं.

तिची स्वतःची वही कशी लख्ख होती. सहा, अकरा, पाच. सहा, अकरा, पाच. दर रविवारी एका बैठकीत लिहिलेली. मोबाईल तीही बघत बसायची, चांगली दोन-दोन तास. वहीला मात्र त्याचा कधी पत्ता लागला नव्हता.

आजची ओळ रिकामी होती. तिनं पेन घेतलं आणि लिहिलं, 'अकरा'. हात जरासुद्धा अडखळला नाही. मग तिचं लक्ष वरच्या ओळींकडे गेलं. त्या अख्ख्या वहीत खोटं असं तेवढंच होतं, आणि ते तिच्या अक्षरात होतं.

"मेली इथंबी पुढंच!" ती मोठ्यानं म्हणाली. तिला साधनाचा असा संताप आला की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.  मग तिनं 'अकरा' खोडलं आणि पुढं लिहिलं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी आकांक्षाची वही आधी चाळली.

"छान. एकदम टापटीप आहे."

मग साधनाची घेतली. शेवटच्या पानावर त्या थबकल्या आणि त्यांनी वाचलं, "'दीड वाजता. मुद्दाम उशीर केला. आकांक्षा.' हे काय आहे?"

संध्याकाळी परतल्यावर घाईनं पाला टाकून रात्रभर काकाच्या उशाशी बसलेल्या साधनानं वही अजून उघडलीच नव्हती. तिनं चमकून आकांक्षाकडे पाहिलं आणि घाईघाईनं म्हणाली, "मॅडम, ते गमतीनं लिवलं असंल तिनं. अळ्या तर चांगल्या हायेत."

आकांक्षानं आता नुसतं हसायचं होतं. तेवढ्यावर भागलं असतं.

"गंमत न्हाई," ती म्हणाली.  "अन् माझी वही टापटीप म्हणलात, ती बी खरी न्हाई. दर रविवारी बसून भरलीय."

उषाबाईनं कपाळावर हात मारला.  मॅडमनी दोन्ही वह्या मिटून साधनाच्या पाठीवर हात ठेवला. "नव्या बायकांना तू शिकव."

आकांक्षाच्या पोटात तेव्हाही दुखलंच. खोटं कशाला बोला!