खुंट्याला नाव लागली

मी खुंटा बोलून राहिलो. इकडे तिकडे पाहू नका, खाली पाहा. अर्धा चिखलात, अर्धा वर, गळ्याभोवती दोराचा वण आणि डोक्यावर बगळ्यानं केलेली पांढरी घाण. तोच मी. माणसाला चार शब्द बोलायचे तर खुर्ची लागते, माईक लागतो. माझं तसं नाही, मी उभाच असतो.

जात माझी तिवसाची. चिवट लाकूड. भंडारा जिल्ह्यातून गोंदिया वेगळा झाला, त्या उन्हाळ्यात माझ्या मालकानं, सोमाजीनं, मला तोडलं. तिकडे माणसं जिल्हा तोडत होती, इकडे हा मला. जिल्ह्याला नवीन साहेब मिळाले, मला दोन बैल मिळाले. त्यात माझंच बरं झालं असं मी आजही म्हणतो.

चांद्या माझ्यावर मान घासायचा, मोऱ्या शिंगं घासायचा. मला गुदगुल्या व्हायच्या, पण खुंट्यानं हसायचं नसतं. सोमाजीच्या मुलाला, परसरामला, एक खोड होती, अजून आहे. रोज संध्याकाळी यायचं, मला दोन्ही हातांनी धरायचं आणि गदागदा हलवायचं. खुंटा हलवून बळकट करावा असं कुणीतरी म्हणून ठेवलंय. त्या शहाण्याला कधी कुणी रोज संध्याकाळी हलवलं नसावं.

मग गोसीखुर्दच्या धरणाचं पाणी आलं. शेत गेलं, गाव गेलं, बैलही विकावे लागले. ज्या दिवशी चांद्या-मोऱ्याचा दोर माझ्या गळ्यातून सुटला, त्या दिवशी मी रडलो. लाकूड रडतं का, असं विचाराल, तर ओलं लाकूड चुलीत रडतं हे तुम्हीही पाहिलं असेल. मी तेव्हा वाळून ठणठणीत झालो होतो, तरी रडलो.

सामान ट्रॅक्टरवर चढत होतं. परसरामनं मला उपटून वर टाकलं तशी त्याची बायको तुळसा म्हणाली, "बैल तं इकले. खुंटा कायले नेता जी?"

"जागा हाय ना टॅक्टरमंदी," परसराम म्हणाला. एवढंच त्याचं उत्तर.

पुनर्वसनाच्या नव्या गावात अंगण टीचभर. पहिल्याच आठवड्यात तुळसाच्या पायाचा अंगठा माझ्यावर आपटला. तिचं नख गेलं आणि माझं अंगण गेलं. घरामागं, जिथं धरणाचं पाणी येऊन टेकतं, तिथं आंब्याच्या झाडापुढं परसरामनं मला गाडलं. बांधायला काही नव्हतं, पण संध्याकाळ झाली की तो यायचा आणि हलवायचाच. हलवून हलवून मी ढिला झालो, पण त्याचं समाधान व्हायचं, म्हणून मी चूप बसायचो.

तुळसाचं मात्र माझ्यावर लक्ष होतं. "यंदा थंडी पडली का ह्या खुंट्याले पाण्याखाली घालतो," ती म्हणायची. मला वाटायचं नदीच्या पाण्याखाली; त्यात काय, मी पोहून घेईन. नंतर कळलं, ती चुलीवरच्या अंघोळीच्या हंड्याबद्दल बोलत होती. तेव्हापासून माझी झोप उडाली.

अशात लिलाधर आला. हा केवळरामचा मुलगा, धिवरांचा, आमच्याच जुन्या गावचा. बाप जाळं टाकायचा, यानं कर्ज काढून इंजिनाचा डोंगा घेतला आणि भंडारा-नागपूरच्या लोकांना धरणाच्या पाण्यात फिरवायला लागला. तो आला की म्हणतो राम राम, तुळसा म्हणते जय भीम, आणि मग दोघंही लगेच भांडायला लागतात.

"काकू, लोकं फिराले येतेत, पण दुपारी भूक लागते," तो म्हणाला. "डबा उघडाले कोठी थांबावं? त्या पलीकडच्या रिसॉर्टच्या धक्क्यावर अर्धा घंटा डोंगा बांधा, नाई तं दिवसभर बांधा, पैसे दिवसभराचेच. बाकी काठानं पाहा तं चिखल आन् बेशरमाची झाडं. परवा एका बाईच्या पातळावर सारं वरण सांडलं डोंग्यातच. आता ते लोकं येतेत का परत? स्वस्तात जेवापुरती जागा नाई भेटली, तं मी डोंगा इकतो."

परसराम माझ्याकडे पाहत म्हणाला, "खुंटा हाय ना आपला. आंब्याची सावली हाय."

मी श्वास रोखला. डोंगा आला तर दोर आला, दोर आला तर जीव वाचला. एवढं गणित खुंट्यालाही येतं.

तुळसा लगेच ऐकणारी नव्हती. "बांध," ती म्हणाली. "पण येत्या इतवारपर्यंत कोणी नाई आलं, तं सोमवारी खुंटा चुलीत."

लिलाधर कामाला लागला. खोक्याच्या फळ्या ठोकून त्यानं पाटी केली आणि ब्रश घेऊन बसला. आता आमच्याकडे सारे डोंगा म्हणतात. बाप डोंगा म्हणतो, आई डोंगा म्हणते, हाही झोपेत डोंगाच म्हणतो. पण पाटीवर लिहायची वेळ आली तशी त्याला शाळा आठवली. डोंगा लिहिलं तर शहरचे लोक हसतील म्हणून त्यानं शुद्ध लिहिलं: 'जेवणासाठी येथे नाव लावा.' पाटी झाडाला ठोकली, मोबाइलवर फोटो काढला आणि ज्याचा ज्याचा नंबर होता त्याला पाठवून दिला. मी पाटी वाचली आणि मला खुदकन हसू आलं. पण मी पडलो खुंटा, मला कोण विचारतो?

शनिवारी अवकाळी पाऊस आला. सरपण भिजलं. त्यात गॅसही संपला. रविवारी सकाळी तुळसानं चूल फुंकून फुंकून डोळे लाल करून घेतले, कसाबसा घरापुरता भात आणि वांगं-झिंग्याची भाजी केली, आणि मग तिला मी आठवलो. सोमवारची वाट कोण पाहतो? परसराम दुकानात गेलेला पाहून ती सब्बल घेऊन आली आणि माझ्या बुडाशी खणायला लागली. मी म्हणालो, बाई, इतवार अजून बुडाला नाही. पण तिला ऐकू कुठं येतं?

अर्धंअधिक उकरून झालं होतं, आणि पाण्यावरून इंजिनाची फटफट ऐकू आली. लिलाधरच्या डोंग्यात नागपूरचे आनंदराव, गळ्यात मफलर, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि त्यांचं सारं घरदार. लिलाधर घाईनं उतरला आणि खाली न पाहता दोराचा फास माझ्या गळ्यात टाकून मोकळा झाला. तुळसानं सब्बल पाठीमागं लपवली.

आनंदराव काठावर आले. "आमचं नाव लागलं का?"

"लागली ना जी," तुळसा डोंग्याकडे बोट करून म्हणाली. "ते काय, दिसून राहिली."

"मग बसायचं कुठं?"

"बसा ना सावलीत. जागेले काय तोटा हाय."

सारे आंब्याखाली ओळीनं मांडी घालून बसले. बसले आणि तुळसाकडे पाहायला लागले. तुळसा त्यांच्याकडे पाहायला लागली. डबा कोणीच उघडेना. शहरचे लोक जेवायच्या आधी ध्यान करत असतील, असं समजून तीही हात जोडून उभी राहिली. मी इकडे हसून हसून हलायला लागलो, आणि तेव्हा कळलं की आज हलणं महागात पडेल.

शेवटी आनंदराव म्हणाले, "पानं वाढायला वेळ आहे का?"

"कोणती पानं?"

आनंदरावांनी मोबाइल काढून दाखवला. पाटीचा फोटो होता. खाली त्यांचा निरोप: 'आमचं नाव लावा. सहा जण.' त्याखाली लिलाधरचं उत्तर: 'लावतो जी.' त्यांनी जेवणाला नाव लावलं होतं, यानं काठाला नाव लावायचं कबूल केलं होतं. दोघंही खरे आणि सहा जण उपाशी.

लिलाधरचा चेहरा उतरला. तुळसा त्याच्या कानाशी लागली. "लिल्या, डोंगा लिवाले तुझा हात झडला होता का रे?"

आनंदरावांच्या घरची म्हातारी हळूच म्हणाली, "नसेल तर राहू द्या, बिस्किटं आहेत." ते बिस्किट तुळसाला लागलं. दारी बसलेला माणूस बिस्किट खाऊन गेला तर गावात तोंड दाखवायचं कसं? घरातलं होतं ते तिनं वाढायला काढलं, पण भात पुरणार नव्हता. आणखी शिजवायचा तर वाळलेलं लाकूड पाहिजे. आणि वाळलेलं लाकूड तिच्या नजरेसमोर एकच होतं.

ती सब्बल घेऊन माझ्याकडे आली. मी चांद्याला आठवलं, मोऱ्याला आठवलं. तेवढ्यात दुकानातून परतलेला परसराम मागून बोलला.

"अवो, डोंगा बांधला हाय त्याले."

तुळसा थांबली. दोराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वर झाडाकडे पाहिलं. पाटी. खोक्याच्या कोरड्या ठक्क फळ्या, आंब्याच्या दाट पानांनी पावसातून वाचवलेल्या. सब्बलीच्या एका दणक्यात पाटी खाली आली. आधी 'जेवणासाठी' चुलीत गेलं, मग 'नाव'. भात मस्त फुलला म्हणे. लिलाधरचं शुद्ध मराठी तेवढं तरी कामाला आलं.

पण माझं संकट टळलं नव्हतं. वारा सुटला होता, डोंगा दोराला हिसके देत होता आणि माझ्या बुडाशी खड्डा. मी सुटलो असतो तर डोंगा धरणाच्या मधोमध गेला असता, आणि मग मला चुलीत घालायला लिलाधरनंच तुळसाला मदत केली असती. सारे जेवणात गुंग. लिलाधर वाढत होता. परसरामला तेवढा खड्डा दिसला.

तो तडक निघाला. माझ्यापाशी आला आणि माझ्याकडे पाठ करून, मला टेकून, चिखलात पाय रोवून बसला.

"अजी, इकडं या ना जेवाले," तुळसा ओरडली.

"इथंच दे. इथं हवा चांगली लागते."

गार वाऱ्यानं त्याचे दात वाजत होते. ताट मांडीवर घेऊन तो तिथंच जेवला. प्रत्येक हिसक्याला तो पाठ रेटायचा, मी त्याला रेटायचो. इतकी वर्षं यानं मला हलवलं होतं, आज हाच मला हलू देत नव्हता. खोटं कशाला सांगू, मला तो फार आवडला.

तुळसा भाताचं दुसरं वाढणं घेऊन आली, आणि तिला खड्डा दिसला. आपणच खणलेला. नवऱ्याचे चिखलात रुतलेले पाय दिसले. तिनं भाताचा गंज खाली ठेवला, काठावरचे दगड उचलून आणले, माझ्या बुडाशी ठासले, माती लोटली आणि त्याच आपटलेल्या अंगठ्याच्या पायानं तुडवून तुडवून घट्ट केली. मग तिनं मला दोन्ही हातांनी धरलं आणि आयुष्यात पहिल्यांदा हलवून पाहिलं.

"आता नाई हालत," ती म्हणाली. "उठा, भात थंडा होऊन राहिला."

आनंदराव जाताना लिलाधरला म्हणाले, "पुढल्या इतवारी आमचं नाव लावा." यावेळी लिलाधरनं नीट विचारून घेतलं, कोणतं.

आता थंडीत माझ्या गळ्यात बरेचदा दोर असतो. तुळसाच्या हातचं जेवलात तर डोंगा बांधायचं काही द्यावं लागत नाही. स्वतःचा डबा आणलात तर त्यातलं एक काहीतरी परसरामला चाखायला द्यायचं, एवढंच भाडं. परसरामचं पोट सुटलंय. लिलाधरनं डोंगा विकला नाही. रिसॉर्टचा धक्का अजून तिथंच आहे, ज्याला दिवसभर जेवायचं असेल त्यानं तिकडे जावं.

मी म्हातारा झालोय. बूड कुजायला लागलंय, कधीतरी चुलीत जाईनच, तुळसा काही विसरलेली नाही. पण तोवर या. झाडावर नवी पाटी आहे, टिनाची, म्हणजे जाळता येऊ नये. मजकूर तुळसानं सांगितलाय, आणि लिलाधरला शुद्ध लिहायची फार हौस म्हणून एक शब्द तेवढा त्याचा राहू दिलाय. वाचा आणि तसंच वागा:

'इथं नाव ठेवा. जेवणाले नावं ठेवू नका.'