बुक्क्याचं बोट

या, सरका जरा पुढं. मागं भिंतीला टेकून बसणाऱ्यांनीही या. बुवांचा चहा व्हायचाय, मृदंगाला कणीक लागतेय, तेवढ्यात एका बोटाची गोष्ट होऊन जाईल. ऐकून विसरून जाण्यासारखी आहे, पण तुम्ही विसरणार नाही. बोट होतं लंकाबाईचं, आणि ते सलत राहिलं तिच्या मुलाला, सोमनाथला.

"पाचच दे रे," लंकाबाई म्हणत होती. "मोठे नको. तुझ्या मनानं दे, पण पाच दे."

उजाडत होतं. मारुतीच्या देवळातून काकड्याचे शेवटचे सूर कालव्यावरून शेतात येत होते. दुधीच्या मांडवाखाली ॲपवर भाजी विकणाऱ्या कंपनीचे निळे क्रेट ओळीनं भरलेले, आणि त्यांच्यापाशी लंकाबाई काखेत रिकामी पाटी धरून उभी होती. सात दिवसांचा सप्ताह आज काल्याच्या कीर्तनानं संपणार होता. महाप्रसादाची भाजी गावातल्या मळ्यांमधून जायची, आणि या घरचा रिवाज असा की वेलाचा पहिला तोडा आधी देवळात. सासूनं ती पाटी लंकाबाईच्या डोक्यावर दिली होती, तेव्हा लंकाबाईच्या हातात हिरवा चुडा होता. आता नवरा जाऊनही बरीच वर्षं झाली होती, पण पाटी चुकली नव्हती.

"आई, आज नको," सोमनाथ फोनमधून मान न काढता म्हणाला. "मोजून मागितलेत त्यांनी. कमी गेले तर नावापुढं लाल रेघ येती."

"कसली रेघ?"

"हे बघ, फोनमधी. तुला नाय कळायचं."

"नाय कळायचं, खरंय. पण देवाआधी आपल्या घरात कोणी चाखलंय का रे?"

"दुपारी देतो की! काही ना काही माघारी येणारच. वाकडे, बुडाला जाड असलेले. भाजी तर तीच होणार."

लंकाबाई रागावली नाही. "लोकांनी नको म्हणलेलं देवाला घालायचं?" एवढंच तिनं विचारलं आणि पाटी बांधावर पालथी ठेवली.

वातावरण निवळावं म्हणून सुनेनं, हर्षालीनं, क्रेट पुसता पुसता म्हटलं, "आत्याबाई, देवाला सांगा, ॲपवर ऑर्डर टाक. दहा मिनिटांत घरपोच!"

"तो टाकील गं," लंकाबाई म्हणाली, "पण पत्ता कोणता सांगशील? सगळीकडंच राहतो मेला."

तिघंही हसली. सोमनाथला वाटलं, झालं, मिटलं.

त्याची बाजूही समजून घ्या. देव न मानणारा नव्हता तो. सप्ताहात टाळ धरून उभा राहायचा. पण गेल्या काही वर्षांत नाशिकच्या मार्केटात त्याचं मन लागेनासं झालं होतं. पूर्वी पहाटे पाट्या घेऊन बायकांची झुंबड उडायची. गंगापूर रोडच्या फुटपाथवर बसणारी नवसाबाई तर त्यांचीच ठरलेली. "लंकाच्या मळ्यातला दुधी हे, नखानं बघू नका!" असं गिऱ्हाइकाला दटावून विकायची. हळूहळू त्या बायका कमी झाल्या. शहरातली माणसं घरात बसून फोन दाबायला लागली. इंदिरानगरच्या फ्लॅटात माणसं दोन, फ्रीजचा कप्पा वीतभर. त्यांना अख्ख्या घराला पुरणारा गलेलठ्ठ दुधी नको, हाताएवढा, सरळ, चकचकीत हवा. चित्रात दिसतो तस्सा. सोमनाथनं बियाणं बदललं, मांडव बदलला, कंपनीच्या दारात चपला झिजवल्या, तेव्हा कुठं त्यांनी त्याचा माल घ्यायचं कबूल केलं. हा त्यांच्यासाठीचा पहिलाच तोडा होता.

तो आणि हर्षाली टेम्पोच्या दोऱ्या सोडत असताना लंकाबाईनं कमरेची पिशवी उघडली. आतून बुक्क्याची लहानशी पितळी डबी काढली. प्रत्येक क्रेटच्या वरच्या एका दुधीवर तिनं बोट टेकवलं, वर वर्तमानपत्राचा कागद होता तसा सरळ केला. पाटी नाही तर नाही, देवाला नुसतं दाखवायला काय हरकत आहे? मार्केटातही पहिल्या क्रेटला बुक्का असायचाच. आडत्या तो क्रेट आधी पुकारायचा, घेणारा कपाळाला हात लावून उचलायचा. उभ्या जन्मात तिच्या बोटानं कुणाचं वाईट झालं नव्हतं.

कंपनीची पत्र्याची शेड शहराच्या कडेला. आत गारवा, पांढरा उजेड. माल तपासणारा ज्ञानेश हा सटाण्याकडचा पोरसवदा गडी, गोड बोलायचा. त्यानं पहिल्या क्रेटवरचा कागद उचलला आणि थबकला. दुसरा उचलला. तिसरा.

"दादा, हे काय?"

सोमनाथनं वाकून पाहिलं. हिरव्यागार दुधीवर काळा ठिपका. रस्त्याच्या हिसक्यांनी भुकटी खालच्या दुधींवरही सांडलेली. ओळखीचा वास नाकात गेला.

"बुक्का हे. आईनं लावला. देवाचा हे हो, पुसला की जातो."

खांद्यावरचा पांढरा पंचा ओढून तो एकेक दुधी पुसायला लागला. बुक्का पुसला जाईना, पसरला. पंचा काळा झाला, दुधी करडे झाले.

"दादा, थांबा. ऐका ना." ज्ञानेशनं त्याचा हात धरला. "मला कळतंय बुक्का आहे. माझे वडील माळकरी आहेत. पण मी फोटो टाकलाय. नाकारायचं कारण निवडावं लागतं, त्यात बुक्का नाहीच. काळे डाग, बुरशी, एवढंच आहे."

"मग धुऊन देतो!"

"ओला माल घेत नाहीत, तुम्हाला माहितीये. आणि खायच्या वस्तूवर भुकटी कसली, हे गिऱ्हाइकाला मी काय सांगू?"

ते खोटं नव्हतं, म्हणून सोमनाथला भांडताही येईना.

पलीकडे टेबलाशी काही बायका डोक्याला जाळी, हातात मोजे घालून भाजीवर स्टिकर लावत होत्या. त्यातली एक उठून आली. जाळीमुळं सोमनाथनं आधी ओळखलंच नाही.

"लंकाचं बोट हे ना रे?" ती म्हणाली. ती नवसाबाई होती. "म्हणलं, वास कुठून येतोय."

"मावशी, तू इथं?"

"मंग कुठं? फुटपाथावर माशा मारीत बसू?" तिनं इकडं तिकडं पाहिलं, हातमोजा काढला, पंच्याच्या काळ्या कोपऱ्याला बोट लावून कपाळाला टेकवलं. "लय दिवसांनी पहिला तोडा दिसला," असं पुटपुटली आणि मोजा चढवत जागेवर गेली.

ज्ञानेशनं बटण दाबलं. सगळा माल परत. आठवडाभर सोमनाथकडून काही घ्यायचं नाही. "आणि दादा," तो हळूच म्हणाला, "पुन्हा असंच झालं ना, तर नावच जातं. मग माझ्याही हातात राहत नाही."

परतीच्या रस्त्यात सोमनाथ आईशी बोलायची वाक्यं जुळवत होता. म्हातारे, काय केलंस हे? नाही, असं नको. आई, तुझ्यामुळं... असंही नको. कालव्याच्या वळणावर टेम्पो थांबवून त्यानं पंचा सीटखाली कोंबला. गावात शिरला तेव्हा देवळासमोर चुलाणं पेटली होती. बायका भाजी चिरायला बसल्या होत्या, आणि लंकाबाई दुसऱ्यांच्या मळ्यांतले भोपळे, गवार, वांगी पाटीत घेऊन मध्ये बसली होती. तिच्या घरची भाजी तेवढी त्यात नव्हती. टेम्पो बघून ती उठली.

"काय रे? एवढ्यात? आणि भरलेला?"

सगळ्यांच्या नजरा त्याच्यावर. त्यानं तोंड उघडलं, आणि भलतंच बाहेर आलं.

"आज त्यांच्याकडंच माल जास्त झाला, आई. म्हणले, घेऊन जा."

"सगळा?"

"सगळा."

लंकाबाई टेम्पोकडे बघत राहिली. मग तिचा चेहरा असा उजळला की सोमनाथनं मान खाली घातली.

"निवृत्तीतात्या! अहो तात्या!" तिनं वीणा गळ्यात घेऊन उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला हाक मारली. "बघा की हो! मी पाच मागितले होते. पोरगं नाय म्हणलं. तर त्यानं टेम्पोच माघारी बोलावला!"

सप्ताहभर वीणा खाली ठेवायची नसते, म्हणून तात्यांनी मानेनंच नमस्कार केला. "त्याला भूकच तेवढी, लंकाबाई. काय करता?"

बायका हसल्या. क्रेट उतरले. एरवी काल्याच्या भाजीत निम्मा दुधी जून असायचा. आज पहिल्या तोड्याचा कोवळा लुसलुशीत माल कचाकच चिरला जाऊ लागला. सोमनाथनंही विळी ओढली. करडे झालेले दुधी तो आधी आपल्याकडे घेई, साल खरवडून मगच पुढं सरकवी. हर्षाली शेजारी येऊन बसली.

"अहो, खरं काय झालं?"

"सांगितलं ना."

"पंचा कुठंय तुमचा?"

तो साली काढत राहिला.

बुवांनी त्या दिवशी काला असा रंगवला की माणसं रडली. सगळ्या सवंगड्यांच्या शिदोऱ्या एकत्र, कुणाची आंबट, कुणाची शिळी, देवानं एकाही शिदोरीला नाक मुरडलं नाही. ऐकताना सोमनाथचे डोळे भरले. शेजारच्याला वाटलं, भक्तीनं. पंगतीत लंकाबाई पळी घेऊन त्याच्यापुढं आली. "घे अजून. तुझाच हे." त्यानं वाढलेलं सगळं संपवलं.

संध्याकाळी सीटखाली पंचा नव्हता. तो दोरीवर वाळत होता, दुधासारखा पांढरा.

"तू धुतलास?" त्यानं हर्षालीला विचारलं.

"आत्याबाईंनी. टेम्पोतून कांद्याची गोणी काढायला गेल्या, तो काळा पंचा हातात घेऊन आल्या. मी म्हणलं द्या, तर हात लावू दिला नाही. दगडावर कितीतरी वेळ नुसता धरून बसल्या होत्या, नाकाशी."

आत लंकाबाई दिवा लावत होती. तो पंचा तसाच ठेवून मळ्याकडं वळला. पुढचे दिवस तो मार्केटला माल नेत होता, मिळेल त्या भावात टाकून येत होता. एरवी पहिल्या क्रेटला बोट लावायला येणारी लंकाबाई त्या दिवसांत पहाटे देवळात बसून राहायची. गुडघे धरलेत, म्हणायची. देवळाच्या पायऱ्या चढताना मात्र ते धरत नव्हते.

आठवडा सरला आणि फोन वाजला. माल पुन्हा चालू.

त्या पहाटे क्रेट भरले, कागद पसरले, आणि समोरून लंकाबाई येताना दिसली. हातात पितळी डबी. सोमनाथचे हात थांबले. आज बोट टेकलं तर नाव जाणार होतं. आणि "नको" म्हटलं तर तिचा तो सगळा दिवस, तात्यांना मारलेली हाक, चेहऱ्यावरचा उजेड, सगळंच तिच्याकडून काढून घेतल्यासारखं होणार होतं.

लंकाबाई क्रेटपाशी आली. एक कागद वाऱ्यानं उडत होता. तिनं बोटं आत दुमडली आणि मुठीच्या पाठीनं तो सरळ केला. मग पुढं सरकून मुलासमोर उभी राहिली.

"वाक जरा. लय उंच झालास."

तो वाकला. तिनं डबी उघडली आणि त्याच्या कपाळावर बुक्क्याचं बोट टेकवलं, इतकं हलकं की कळलंही नसतं.

"बास. एवढ्यात आलं सगळं. तू नेतोस ना, मग पोचलं."

"आई, त्या दिवशी ते..."

"टेम्पो चालू कर," लंकाबाई म्हणाली. "उशीर झाला तर लाल रेघ येती."

टेम्पो बांधावरून वळताना त्यानं आरशात पाहिलं. ती मांडवाच्या डांबाला धरून उभी होती आणि बोट पदराला पुसत होती. पुसून झालं तरी पुसत होती.

शेडमध्ये ज्ञानेशनं कागद उचलले, फोटो काढले. "एक नंबर, दादा! एवढासुद्धा डाग नाही." नवसाबाईनं लांबून क्रेटकडे पाहिलं, मग सोमनाथच्या कपाळाकडे, आणि पुन्हा स्टिकर लावू लागली.

झालं, बुवा उठले. टाळ घ्या हातात. उद्या तुमच्या दारात पिशवी येईल, तिच्यात दुधी असेल, गार, सरळ, एकही डाग नसलेला. तो चिरायच्या आधी क्षणभर लंकाबाईची आठवण काढा. तिनं मागं घेतलेलं बोट तेवढं आठवा.