उतरवलेली चिठ्ठी

हल्ला सुट्टीच्या दिवशी दुपारी तीनला झाला. नदीकाठच्या चौकीतले एकतीस जण गेले. त्यात माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता. तो चौकीचा संदेशवाहक. आणि तिथून सत्तर किलोमीटरवर, मुख्यालयाच्या संदेश कक्षात त्याचे संदेश उतरवून घेणारा कारकून मी. त्याला या नोकरीत मीच चिकटवलं होतं.

पंधरा दिवसांत चौकशी समिती बसली. तिचा कच्चा अहवाल फुटला आणि वर्तमानपत्रांनी एकच ओळ उचलली. चौकीने धोक्याचं गांभीर्य ओळखलं नाही, साधे संदेश पाठवले. मग काय, गल्लीतल्या पोरासोरांनाही युद्धशास्त्र कळायला लागलं. ताईला तर पिठाच्या गिरणीत कुणीतरी तोंडावर विचारलं, चौकी झोपली होती म्हणे?

त्या संध्याकाळी ती माझ्याकडे आली. पाणीसुद्धा घेतलं नाही.

"खरं सांग. झोपला होता का रे तो?"

"मला कसं कळणार, ताई? मी इकडे, तो तिकडे."

असं मी म्हणालो. मोठ्या बहिणीच्या डोळ्याला डोळा न देता म्हणालो. ती उठून गेली, आणि मला माझीच शिसारी आली.

आता आमच्या कक्षाची रीत सांगतो, म्हणजे मी काय केलं ते कळेल. चौकीने 'अति तातडी' म्हटलं की कारकुनाने संदेश टंकून त्याला लाल चिठ्ठी टाचायची. लाल चिठ्ठीचा कागद मुख्यालयाचे प्रमुख, आमचे साहेब, जिथे असतील तिथे, जेवत असले तरी, त्यांच्या हातात द्यायचा. बाकीचे कागद ट्रेमध्ये पडून राहायचे आणि साहेब ते संध्याकाळच्या बैठकीत बघायचे. नियम चांगला होता. कुणीतरी डोकं लावून केलेला होता.

पण हल्ल्याच्या महिनाभर आधी एका चौकीला धुक्यात हालचाल दिसली. लाल चिठ्ठी गेली, सगळं मुख्यालय अंगावर पट्टे चढवून उभं राहिलं, आणि निघाला मेंढ्यांचा कळप. साहेबांनी भर बैठकीत ड्युटी अधिकाऱ्याला विचारलं, "आता मेंढ्यांना सलामी द्यायची का आपण?" सगळे खो खो हसले. मीही हसलो. आठवड्याभरात त्या अधिकाऱ्याची बदली घोंगड्यांच्या गोदामात झाली.

त्यानंतर आलेल्या अधिकाऱ्याने कानाला खडा लावला. चिठ्ठी टाचण्याआधी मला दाखवा, म्हणाला. दाखवली की तो नुसती नकारार्थी मान हलवायचा आणि मी चिठ्ठी काढून ठेवायचो. पुढे पुढे मी त्याला दाखवायचंही सोडून दिलं. आम्ही याला 'चिठ्ठी उतरवणं' म्हणायचो. संदेशावरचं 'अति तातडी' गाळायचं, साधी प्रत टंकायची, ट्रेमध्ये टाकायची. हुकूम कुणीच दिला नव्हता. एकदा भाचा सुट्टीवर आला असताना जेवताना मी त्याला ही गंमत म्हणून सांगितली होती. तो हसला नव्हता. म्हणाला, "मामा, मग आम्ही तिकडून ओरडायचं कुणाच्या नावाने?"

त्या दिवशी साहेबांकडे पाहुणे होते, मोठी मेजवानी होती. अकरा वाजून दहा मिनिटांनी भाच्याचा पहिला संदेश आला. अति तातडी, पलीकडच्या काठावर गाड्यांवरची आच्छादनं काढली आहेत. मी चिठ्ठी उतरवली. साडेबाराला दुसरा. अति तातडी, पूल बांधायचं सामान पाण्यापाशी आणलं आहे. हात जरा थबकला, पण मेजवानीत शिरून साहेबांचा घास अडवणार कोण? तीही उतरवली.

एक चाळीसला तिसरा आला. तो मी पेन्सिलने लिहून घेत गेलो आणि शेवटच्या वाक्याला पेन्सिल अडली. सरकारी संदेशात घरगुती शब्द घालणं गुन्हा आहे, त्याने पोराची नोकरी गेली असती. म्हणून, देवाशपथ, त्याचं भलं करतोय असं समजून मी ते वाक्य गाळलं आणि उरलेलं टंकून ट्रेमध्ये ठेवलं. पेन्सिलचे कागद दर आठवड्याला जाळायचे असतात. पहिले दोन मी जाळले. तिसरा माझ्याने जळला नाही.

साक्षीच्या दिवशी साहेब मला समितीच्या कचेरीच्या व्हरांड्यात भेटले. खांद्यावर हात ठेवला. माणूस तसा सभ्य, उगाच खोटं कशाला बोलू.

"जे खरं असेल तेच सांगा," ते म्हणाले. "मी कधी चिठ्ठी काढायला सांगितलं होतं तुम्हाला?"

"नाही, साहेब."

"बस. एवढंच सांगा."

आणि ते खरंच होतं, तीच तर अडचण होती. एवढं खरं सांगितलं असतं तर त्यांच्या अंगाला काही लागलं नसतं, माझ्याही नाही. टंकलेल्या प्रती साध्याच होत्या. मेलेला माणूस काय उठून भांडणार होता? पण आत गेलो तर मागच्या बाकावर ताई बसलेली. मांडीवर पिशवी घट्ट धरून, डॉक्टरांकडे नंबर लावून बसावं तशी.

समितीच्या अध्यक्ष वयस्कर न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी विचारलं, "तिन्ही संदेश साधेच होते?"

"नाही. तिन्ही अति तातडीचे होते. ते साधे मी केले." आणि खिशातला कागद पुढे ठेवला.

बाईंनी तो मोठ्याने वाचला. "अति तातडी. होड्या पाण्यात उतरवल्या. हल्ला आजच. मामा, चिठ्ठी काढू नका."



"मामा कोण?"

"मी."

मागे वळून बघायची माझी छाती झाली नाही. बाईंनी चिठ्ठीची सगळी रीत माझ्याकडून वदवून घेतली आणि समोरच बसलेल्या साहेबांकडे वळल्या.

"मला हे आजच कळतंय," साहेब म्हणाले. "असा हुकूम मी कधीही दिलेला नाही."

"मेंढ्यांच्या दिवशी चिठ्ठी आणणारा अधिकारी सध्या कुठे आहे?"

"गोदामात."

"का?"

साहेबांनी टोपी या हातातून त्या हातात घेतली. "प्रशासकीय कारण."

"त्यानंतर महिनाभर तुमच्यापर्यंत एकही लाल चिठ्ठी आली नाही. सीमेवर एवढं शांत कसं, असं तुम्हाला एकदाही वाटलं नाही?"

"बरं वाटलं," साहेब म्हणाले. बोलून गेल्यावर त्यांचा चेहरा पडला. बाईंनी ते दोन शब्द लिहून घेतले. पक्क्या अहवालात पुढे चौकीवरचा ठपका निघाला. तो आमच्यावर आला, साहेबांवर आणि माझ्यावर, आणि बरोबरच आला.

बाहेर ताई पायऱ्यांवर उभी होती. ती थोबाडीत मारेल असं वाटलं होतं. मारली असती तर बरं झालं असतं.

"म्हणजे झोपला नव्हता," ती म्हणाली.

"नाही, ताई. एक मिनिटसुद्धा नाही."

"साहेबाला नाही, तुला हाक मारली रे त्याने."

माझा बांध फुटला. म्हातारा माणूस भर रस्त्यात रडतो तसा मी रडलो, आणि रडता रडताही स्वतःची बाजू मांडायची खोड जाईना. "ताई, साहेबांची भीती वाटायची गं सगळ्यांना. मेजवानी चालू होती. मी आत गेलो असतो तर..."

तिने माझ्याकडे पाहिलं. आवाज चढवला नाही.

"त्याला वाटली नसेल का रे भीती? त्याच्यासमोर तर अख्खी फौज होती."

मी तिची पिशवी घ्यायला हात पुढे केला. तिने ती दुसऱ्या हातात घेतली आणि एकटी पायऱ्या उतरून गेली.